गाईच्या रक्तातील प्रथिनांवरून दाह कसा ओळखावा

ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर परिसरातील गोठ्यांत वाड्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, कुट्टी मुबलक असते आणि त्या कुट्टीतून तारेचा एखादा तुकडा गाईच्या पोटात गेला, तर दूध घटते, रवंथ मंदावते, पण तापमापक मात्र अनेकदा काहीच सांगत नाही. पांढऱ्या पेशींची मोजणीही अशा वेळी दगा देऊ शकते, कारण गाईच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा राखीव साठा मर्यादित असल्याने तीव्र दाहाच्या (इजा किंवा संसर्गाने येणाऱ्या सुजेच्या) सुरुवातीला ही संख्या वाढण्याऐवजी घटलेलीही आढळते. म्हणून रक्तातील प्रथिने तपासावीत.

शरीरात कोठेही दाह सुरू झाला की त्याचे रासायनिक संदेश यकृतापर्यंत पोहोचतात आणि यकृत हॅप्टोग्लोबिन, सीरम अमायलॉइड ए व फायब्रिनोजेन या प्रथिनांची निर्मिती वाढवते, तर अल्ब्युमिन या प्रथिनाची कमी करते. माणसांच्या तपासणीतील सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन गाईमध्ये फारसे उपयोगी नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

तालुक्याच्या ठिकाणी सहज होण्याजोगी चाचणी फायब्रिनोजेनची आहे. पशुवैद्यकाने मानेच्या किंवा शेपटीच्या शिरेतून घेतलेले रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (जिच्यात रक्त गोठत नाही) घालून ती नळी हलकेच उलटसुलट करावी. लाल झाकणाची नळी येथे चालत नाही, कारण रक्त गोठताना फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि सीरममध्ये, म्हणजे गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, ते उरतच नाही. दोन केशनलिका (केसासारख्या बारीक काचनळ्या) भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवाव्यात आणि पहिलीतील प्लाझ्माचे, म्हणजे पेशींच्या वर राहिलेल्या द्रवाचे, एकूण प्रथिन रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून प्रथिन मोजणाऱ्या उपकरणावर) वाचावे. दुसरी ५६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, प्लाझ्माचा भाग पूर्ण बुडेल अशा रीतीने, तीन मिनिटे धरावी, म्हणजे फायब्रिनोजेन साकळते. मग ती पुन्हा फिरवून वरच्या स्वच्छ प्लाझ्माचे वाचन घ्यावे. दोन्ही वाचनांतील फरक म्हणजे फायब्रिनोजेन. पाण्याचे तापमान अंदाजाने ठरवू नये. माझ्या मते या चाचणीतील बहुतेक चुका तेथेच होतात.

समजा पहिले वाचन ८.२ आणि दुसरे ७.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर आले, तर फरक ०.८, म्हणजेच लिटरला ८ ग्रॅम. गाईमध्ये ३ ते ७ ग्रॅम सर्वसाधारण मानतात. मात्र जनावराच्या शरीरातील पाणी कमी झाले तरी हा आकडा वाढतो, म्हणून दुसऱ्या वाचनाला फरकाने भागावे. येथे भागाकार सुमारे ९ येतो; तो १० पेक्षा कमी असल्यास दाह, तर १५ पेक्षा जास्त असल्यास निर्जलीकरण संभवते. रिफ्रॅक्टोमीटरवर ०.१ चा फरकही नेमका वाचणे कठीण असल्याने प्रत्येक वाचन दोनदा घ्यावे. या मर्यादा गाईसाठी आहेत. म्हशीसाठी प्रयोगशाळेने ठरवलेल्या मर्यादा पाहाव्यात.

हॅप्टोग्लोबिनची सोय असलेली प्रयोगशाळा मिळाल्यास ती चाचणी अवश्य करावी, कारण निरोगी गाईत हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नसतेच आणि दाहात शंभरपटीपर्यंत वाढू शकते. तरीही व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते निरोगी गाईतही काहीसे वाढलेले असते, तेव्हा तेवढ्यावरून गर्भाशयदाहाचे निदान करू नये. याउलट लाल लघवीच्या आजारात फुटलेल्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटून ते संपते, त्यामुळे दाह असूनही आकडा कमी दिसतो. सीरम अमायलॉइड ए काही तासांतच वाढते, पण वाहतुकीच्या ताणानेही वाढते. बाजारातून नुकत्याच आणलेल्या गाईचा अहवाल त्या दृष्टीने वाचावा.

अल्ब्युमिन कमी आणि ग्लोब्युलिन (रक्तातील प्रथिनांचा दुसरा मोठा गट) जास्त असेल, तर दुखणे जुने समजावे: यकृतातील गळू, तारेने झालेली इजा किंवा रेंगाळलेला कासदाह. दाह नेमका कोठे आहे हे एकही प्रथिन सांगत नाही, त्यामुळे अहवाल हाती आला तरी कास, खुर, गर्भाशय आणि छाती तपासावीच लागते. उपचारानंतर फायब्रिनोजेन लगेच उतरत नसल्याने दुसऱ्याच दिवशी पुन्हा रक्त काढू नये. चार-पाच दिवसांनी काढावे, आणि तरीही आकडा चढाच असेल तर प्रतिजैविक बदलण्याआधी पोटातील तारेचा शोध घ्यावा.