गावातले आरोग्य-संशोधन इंग्रजी नियतकालिकात नेताना: या चुका टाळा

यवतमाळ, गडचिरोली किंवा मेळघाटातल्या गावात आरोग्यविषयक पाहणी करणारा विद्यार्थी प्रश्न मराठीत विचारतो, उत्तर वऱ्हाडीत, झाडीबोलीत, गोंडीत किंवा कोरकूत ऐकतो, नोंद इंग्रजी तक्त्यात करतो आणि शोधनिबंधही इंग्रजीतच लिहितो. या वाटेवर होणाऱ्या चुका बहुतेक वेळा आकडेमोडीच्या नसतात. माणसाने सांगितलेली गोष्ट एका भाषेतून दुसरीत जाताना त्या होतात आणि शेवटच्या तक्त्यात त्यांचा मागमूसही राहत नाही. संख्याशास्त्रज्ञालाही त्या नंतर शोधता येत नाहीत, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच त्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

संमतीपत्राची मराठी

सर्वांत जास्त हेळसांड इथे होते. इंग्रजी मसुदा मार्गदर्शकांकडून पुन्हा पुन्हा तपासून घेतला जातो. मराठी मसुदा मात्र नैतिकता समितीच्या बैठकीच्या आदल्या रात्री संगणकाकडून भाषांतर करून जोडला जातो. ‘आपणास यादृच्छिक पद्धतीने नियंत्रण गटात समाविष्ट केले जाऊ शकते’ असे वाक्य त्यात असते, ते वाचून दाखवल्यावर समोरची बाई मान डोलावते आणि त्या मान डोलावण्यालाच संमती समजून अंगठा घेतला जातो. हेच ‘कोणाला नवे औषध मिळेल आणि कोणाला सध्याचेच, हे चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरांनाही ते ठरवता येणार नाही’ असे लिहिले, तर ती लगेच विचारते की माझ्या चिठ्ठीत जुनेच औषध निघाले तर माझे नुकसान तर होणार नाही ना. असा प्रश्न येणे ही मजकूर पोचल्याची खूण आहे. चार-पाच जणांना वाचून दाखवूनही एकही प्रश्न येत नसेल, तर दोष ऐकणाऱ्यांत नसून मजकुरात आहे असे समजून तो बदलावा. ‘समजले का?’ असे विचारण्यात अर्थ नाही, कारण डॉक्टरांसमोर त्याचे उत्तर ‘हो’च असते, ‘घरी गेल्यावर हे सासूबाईंना कसे सांगाल?’ असे विचारले की काय समजले आणि काय राहून गेले हे लगेच कळते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. सोय म्हणून आशाताईंचीच साक्षीदार म्हणून सही घेतली जाते, पण त्याच पाहणीत त्या घरे दाखवत असतील किंवा मानधन घेत असतील, तर त्यांना त्रयस्थ म्हणता येत नाही. संशोधक स्वतःच प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर असेल, तर ‘नकार दिला तरी तुमचा औषधोपचार थांबणार नाही’ हे वाक्य कागदावर असणे पुरेसे नाही, ते तोंडाने सांगावे, कारण गावाला दुसरा दवाखाना जवळ नसतो आणि हे प्रत्येकाला ठाऊक असते.

प्रश्नावली

नैराश्य, वेदना किंवा जीवनमान मोजण्याच्या अनेक प्रश्नावल्या परदेशात तयार झालेल्या आहेत. त्या मराठीत आणताना दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, दोन्ही मसुदे जुळवायचे आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे, अशी रूढ पद्धत आहे. पद्धत चांगली आहे, पण उलट भाषांतर जुळले म्हणजे काम झाले हा समज घातक आहे. ‘तुम्हाला खाली-खाली वाटते का?’ असे शब्दशः भाषांतर इंग्रजीत परत नेले तर मूळ वाक्याशी तंतोतंत जुळते, आणि गावात मात्र कोणालाच कळत नाही. म्हणून ती पायरी संपल्यावर गावातल्या काही जणांबरोबर एकेकट्याने बसून प्रत्येक प्रश्न त्यांना काय वाटला हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. यात दोन-तीन दिवस जातात आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासात याहून मोलाचे दिवस दुसरे नसतात.

लोकांच्या ज्ञानावर साधन उभे केले तर काय साधते, हे गडचिरोलीत दिसले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेला बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजणाऱ्या दाया हव्या होत्या, पण त्यांतल्या अनेकींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी असलेले साधे उपकरण तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. पुढे नवजात बाळाचा जंतुदोष ओळखतानाही ‘आधी नीट रडत होते, आता रडणे कमी झाले’, ‘आधी नीट दूध ओढत होते, आता ओढत नाही’ अशा, आईला घरातच दिसणाऱ्या खुणा वापरल्या गेल्या. त्या कामाचा निबंध १९९९ मध्ये लंडनच्या ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून घरोघरच्या नवजात बालसेवेचे काम देशभरातल्या आशांकडे आले. निबंध इंग्रजीत असला तरी ज्या माहितीवर तो उभा होता ती आयांच्या बोलण्यातून आलेली होती.

उत्तरे एकसारखी येऊ लागली तर

पन्नास घरांत ‘बरं आहे, काही त्रास नाही’ एवढेच उत्तर येत असेल, तर ते गाव निरोगी आहे असा निष्कर्ष काढण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: प्रश्न कोणी विचारले, कोणत्या वेळी विचारले, आणि त्या वेळी आणखी कोण बसले होते. कापसाच्या वेचणीत सकाळी उशिरा गेलात तर घरी म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतात, आणि सुनेच्या अंगावरून पांढरे जाण्याबद्दल सासूसमोर खरे उत्तर मिळत नाही.

वय आणि तारीख विचारतानाही अशीच गफलत होते. ‘बाळ किती महिन्यांचे?’ याऐवजी ते पोळ्याच्या आधी झाले की नंतर, तेव्हा तुरी काढणीला आल्या होत्या का, असे विचारत गेले की महिना बऱ्यापैकी नेमका सापडतो. त्यासाठी त्या तालुक्यातल्या सणांची आणि शेतीच्या कामांची यादी आधीच तयार ठेवावी. फवारणीतल्या विषबाधेवर काम करणाऱ्यांनी औषधाचे रासायनिक नाव विचारू नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर या विषयावर बरेच प्रबंध होऊ लागले. पण शेतमजुराला औषध ठाऊक असते ते बाटलीच्या रंगावरून आणि दुकानदाराने सांगितलेल्या नावावरून. रिकामी बाटली पाहावी, लेबलाचा फोटो घ्यावा.

भामरागडमध्ये माडिया किंवा धारणीत कोरकू बोलणाऱ्यांशी दुभाष्यामार्फत बोलताना, बाई दोन मिनिटे बोलते आणि दुभाषा ‘नाही म्हणते’ एवढेच सांगतो. त्या दोन मिनिटांत काय होते ते कायमचे हरवते. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे आणि त्यातला काही भाग ती भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडून ऐकून घ्यावा. रुग्णाच्या नवऱ्याला किंवा गावच्या पुढाऱ्याला दुभाषा करू नये.

छापताना

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या निबंधांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. तालुक्याचे नाव, कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती), बाईचे वय, भावंडांची संख्या आणि मृत मुलाचा उल्लेख, एवढे छापले की नाव न देताही ती बाई तीस घरांच्या पोडावर सहज ओळखू येते. त्यातच तक्त्यात वाहक (म्हणजे अंगात आजाराचा अंश असूनही स्वतः आजारी नसलेले) आणि रुग्ण एकत्र मोजले गेले, तर वाहक मुलीचे जमत आलेले लग्न आजारी असल्याच्या बोभाट्याने मोडू शकते. वाहकाला सहसा त्रास नसतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हा फरक निबंधात आणि गावातही स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.

औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल, तर भारतीय चाचणी नोंदवहीत (सीटीआरआय) पहिला सहभागी घेण्यापूर्वीच नोंद करावी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद होत नाही, आणि नोंदीशिवाय चांगली नियतकालिके चाचणीचा निबंध स्वीकारत नाहीत. ही नोंद विनामूल्य आहे. चार दिवसांत छापून देण्याचे आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. संपादक मंडळातल्या एखाद्या सदस्याला थेट पत्र लिहून विचारले की खरेखोटे कळते.

इंग्रजीत छापलेला निबंध मराठीतही लिहिला तर दुहेरी प्रकाशनाचा, म्हणजे एकच संशोधन दोनदा छापल्याचा, ठपका येईल, ही भीती बहुतेकांना असते आणि ती अनाठायी आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांनुसार दोन्ही संपादकांची संमती असेल, मूळ निबंधाचा स्पष्ट उल्लेख असेल आणि वाचकवर्ग वेगळा असेल, तर दुसऱ्या भाषेत पुन्हा प्रसिद्ध करता येते. ज्यांनी भाषांतर केले, गावे जोडून दिली, त्यांची नावे किमान ऋणनिर्देशात यायला हवीत. अभ्यासाच्या मांडणीत आणि लेखनात ज्यांचा खरा वाटा आहे त्यांना लेखक म्हणूनच घ्यावे, मग ते गावपातळीवरचे कार्यकर्ते असोत.

निष्कर्ष गावाला सांगण्याचे काम ‘नंतर बघू’ म्हणून ठेवले की विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो आणि ते कधीच होत नाही. ज्यांचे रक्त घेतले त्यांचे अहवाल आधी प्रत्येकाच्या हातात द्यावेत. एकत्रित निष्कर्ष एका पानावर मराठीत, आणि गोंडी किंवा कोरकू गावात त्या भाषेत तोंडी, ग्रामसभेला सांगावेत. त्यासाठीची छपाई, दुभाष्याचे मानधन आणि गावापर्यंतची फेरी हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा, आणि ग्रामसभेची तारीख वेचणी सुरू होण्याआधीची ठरवावी.