कुलाबा किल्ल्यात चालत जाण्यापूर्वी : भरती-ओहोटी आणि समुद्राचे हवामान कसे पाहावे

अलिबागच्या पुळणीवर उभे राहिले की कुलाबा किल्ला अगदी समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ वाटतो. सुकतीला त्याच्या दरवाज्यापर्यंत वाळू आणि खडक उघडे पडतात, घोडागाड्या ये-जा करतात आणि लहान मुले चपला हातात घेऊन चालत जातात. सहा तासांनी त्याच जागेवरून होडी जाते. किल्ल्यात पर्यटक अडकल्याची बातमी अधूनमधून येते. अशा माणसांनी ओहोटीची वेळ पाहिलेलीच नसते असे नाही. बहुतेकांनी ती मोबाइलवर पाहिलेली असते, परंतु तो आकडा कशाचा आहे आणि तो काय सांगत नाही, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून या लेखात कुलाबा किल्ल्याचेच उदाहरण घेऊन वेळ, पाण्याची उंची आणि हवामान या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने पाहाव्यात ते सांगितले आहे. हाच क्रम मांडव्याच्या बोटीसाठी, हाजी अलीच्या वाटेसाठी किंवा मालवणात सिंधुदुर्गाला जाण्यासाठीही चालतो.

आधी तिथी पाहावी

सहलीचा दिवस ठरवताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. पंधरवडा शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब एकच. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनला. भरतीपासून साधारण सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी येते आणि एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागे तितकीच सरकते, एवढेच या सूत्राचे मर्म आहे.

हे सूत्र मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात बसते, पण तेथेही ते अंदाजाचेच आहे. पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा येते, तर प्रत्यक्ष भरती बाराच्या सुमारास असते. शिवाय दिनदर्शिकेवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ती सकाळी आठलाच संपत असेल तर हिशेब पाऊण तासाने चुकतो. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येत असल्यामुळे मालवण-गोव्याकडे ती मुंबईच्या आधी होते, आणि खाडीत जितके आत जावे तितकी ती उशिरा पोहोचते. तेव्हा पाऊणपटीने दिवस निवडावा, घड्याळ मात्र तक्त्यावर लावावे.

उधाण की भांग, ते ओळखावे

वेळेइतकेच महत्त्व पाणी किती उतरणार याला आहे, आणि नवखा माणूस नेमका येथेच फसतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते : पाणी खूप चढते आणि तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मुंबई बंदरात उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटी ०.८ मीटरपर्यंत उतरते. भांगाला हेच आकडे सुमारे ३.३ आणि १.९ मीटर असतात. म्हणजे भांगाच्या ‘पूर्ण ओहोटी’ला उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर जास्त पाणी उभे असते. अष्टमीला ओहोटी नेमकी दुपारी बाराला, जेवणाआधीच्या सोयीच्या वेळी येते, आणि ती पाहून ठरवलेल्या सहलीतली मंडळी किनाऱ्यावर उभी राहून वाट उघडण्याची वाट पाहत बसतात.

उलट ऐन पौर्णिमेला पाणी छान उतरते, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे धड उजेडही नसताना. या दोन्हींचा मेळ घातला तर किल्ल्यासाठी सोयीचे दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी हे ठरतात. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येत असल्यामुळे पाणी तेव्हाही चांगले उतरते आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान मिळते. घरात संकष्टीचा उपास असेल त्याच्या आसपासची सकाळ, असे लक्षात ठेवले तरी पुरते. दुपार हवी असेल तर त्रयोदशी-चतुर्दशी पाहावी. ओहोटी चार-साडेचारच्या सुमारास येते, मात्र परतताना दिवस मावळतीला लागलेला असतो.

उत्तरेकडे भावनगरच्या बाजूला खंबातच्या आखातात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या पुढे जातो, तर गोव्यात तो दोन मीटरच्या आतबाहेर राहतो. त्यामुळे कळंगुटच्या पुळणीवर सवय झालेल्या माणसाने अलिबागच्या पाण्याचा अंदाज डोळ्यांनी बांधू नये.

तक्ता वाचताना

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो आणि हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आपल्या संकेतस्थळावर बंदरनिहाय वेळा देते. मोबाइलवरील खासगी ॲपही चालतात. मात्र त्यांत निवडलेले ठिकाण आणि वेळ भारतीय प्रमाणवेळेची आहे की नाही, हे आधी तपासावे.

दुसरी खाचखळगी उंचीची. एकाच दिवसाच्या एकाच भरतीला एक ॲप ४.४ मीटर दाखवते आणि दुसरे १.९, तेव्हा कोणीतरी चुकले असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही बरोबर असतात. पहिले ॲप नौकानयनाच्या नकाशाची शून्यरेषा धरते, जी जवळजवळ सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीवर असते. दुसरे सरासरी समुद्रपातळीपासून मोजते. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. ओहोटीसमोर वारंवार उणे चिन्ह दिसत असेल तर तो तक्ता दुसऱ्या प्रकारचा समजावा. एक प्रकार निवडून कायम तोच वापरावा, म्हणजे आपल्या ओळखीच्या खडकाला कोणत्या आकड्याला पाणी लागते ते मनात पक्के बसते.

तासातासाचे पाणी मोजावे

पाणी सहा तासांत एकसारखे चढत नाही. ओहोटी आणि भरती यांतील फरकाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. उधाणाला फरक ३.६ मीटरचा धरला तर एक भाग ३० सेंटीमीटरचा झाला. पहिल्या तासात पाणी वीतभराहून थोडे अधिक चढते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून ते १ मीटर ८० सेंटीमीटर, म्हणजे पुरुषभर चढते.

यावरून नियम असा ठरतो : ओहोटीच्या आधी एक तास निघावे आणि ओहोटीनंतर एक तासाच्या आत किनाऱ्याकडील वाळूवर परत पाय ठेवावा. ओहोटीची वेळ ही निघण्याची वेळ समजू नये. मी स्वतः एकदा किल्ल्यातल्या गणपतीच्या देवळात गप्पांत रमलो आणि अर्धा तास उशिरा बाहेर पडलो. दरवाज्यासमोरची वाळू कोरडी होती, पलीकडे अलिबागची पुळणही कोरडीच होती. परंतु वाटेच्या मध्यावरच्या सखल भागात पाणी मांडीला लागले आणि ते नुसते उभे नव्हते, आडवे वाहत होते. दोन्ही टोके कोरडी असली तरी मधली वाट भरलेली असू शकते, हे त्या दिवशी मला तक्त्याने नव्हे, तर पायांनी शिकवले.

आता हवामान पाहावे

तक्ता केवळ सूर्यचंद्राचा हिशेब मांडतो. वारा आणि हवेचा दाब त्याला ठाऊक नसतो. दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटरने वाढते, आणि किनाऱ्याकडे सतत वाहणारा जोराचा वारा त्याहून बरेच अधिक पाणी आत लोटतो. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र असताना तक्त्यातील ओहोटी पुरती उतरतच नाही. त्यामुळे आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी सकाळी, असे दोनदा हवामान पाहावे.

प्रथम भारतीय हवामान विभागाने मच्छीमारांसाठी दिलेला इशारा वाचावा. आपण मासे पकडायला जात नाही म्हणून तो सोडून देऊ नये. किनाऱ्यालगतच्या समुद्राविषयी इतके नेमके दुसरे काही सहज मिळत नाही. त्यात वाऱ्याचा वेग आणि झोतांचा वेग वेगवेगळा दिलेला असतो, आणि दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. वेग नॉटमध्ये दिला असेल तर एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, ढोबळ मानाने दुप्पट धरावे. कोकणात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे जोर धरतात; म्हणूनच त्याच समुद्रावर सकाळची होडी गुळगुळीत जाते आणि चारची होडी अंगावर पाणी उडवत येते.

नंतर लाटांचा अंदाज पाहावा. त्यात दिलेली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. दीड मीटरचा अंदाज असेल तर लहान उघड्या होडीतून कुटुंबाला नेऊ नये, दोन मीटरच्या पुढे असेल तर स्वतःही जाऊ नये, असे माझे मत आहे. उंचीशेजारी सेकंदांत दिलेला आकडा बहुतेक लोक वाचतच नाहीत. तो दोन लाटांमधल्या वेळेचा असतो. पाच-सहा सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेले पाणी. पंधरा सेकंदांच्या पुढचा आकडा म्हणजे दक्षिण हिंद महासागरातील दूरच्या वादळाने पाठवलेला फुगवटा. आभाळ निरभ्र असते, पान हलत नसते आणि तरीही अशा लाटा खडकावर अचानक उसळतात. महासागर माहिती सेवा केंद्र अशा फुगवट्याचा वेगळा इशारा देते. तो असेल त्या दिवशी खडकांच्या टोकावर बसून छायाचित्रे काढण्याचा बेत रद्द करावा.

बंदरावर बावटा लागला आहे का, हेही विचारावे. इशाऱ्याचे क्रमांक १ ते ११ असतात : १ आणि २ दूरवरच्या समुद्रातील बिघाडाचे, ३ आणि ४ आपल्याच बंदरासाठी सावधगिरीचे, ५ पासून १० पर्यंत वाढत्या धोक्याचे आणि ११ म्हणजे संपर्कच तुटला. वर्तमानपत्रात ‘तीन नंबरचा बावटा’ वाचले की बेत पुढे ढकलणे बरे.

ऋतूचा विचार यात धरलेलाच आहे. जून ते सप्टेंबर हा काळ या वाटेसाठी नाही; पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेशिवाय दर्यावर न जाण्याची जुनी रीत आहे, ती उगीच नाही. परंतु पाऊस सरला म्हणजे समुद्र शांत झाला, असेही धरू नये. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकणात आले, ऐन दिवाळीनंतरच्या स्वच्छ दिवसांत. निसर्ग ३ जून २०२० रोजी अलिबागजवळच किनाऱ्याला धडकले आणि तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्याला लागून गेले.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर

इतके सगळे कागदावर जुळले तरी शेवटची दहा मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. वाळूतली ओल पाण्याच्या वर दूरपर्यंत दिसत असेल तर पाणी उतरते आहे. पाण्याची कड कोरड्या वाळूला भिडत असेल तर ते चढते आहे. खात्रीसाठी कडेला एक काठी रोवावी. त्यानंतर घोडागाडीवाल्यांकडे पाहावे. त्यांचा धंदाच वाट उघडी असण्यावर चालतो. गाड्या परतू लागल्या आणि नवी सवारी कोणी घेत नसेल, तर आपल्या मोबाइलवर अर्धा तास शिल्लक दिसत असला तरी निघू नये. तटाच्या पायथ्याच्या दगडांवर चिकटलेल्या कालवांची रेघ भरतीला पाणी कुठवर येते ते सांगते. ती रेघ आपल्या डोक्याच्या वर आहे हे मुलांना तेथेच दाखवावे. तटबंदीचे कौतुक त्यानंतरही करता येते.

पोहायला उतरल्यास लाटा फुटत नाहीत असा मधला शांत पट्टा टाळावा, कारण किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा तेथूनच परत ओढले जाते. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये; किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे आणि मग वळावे. मदतीसाठी ११२ हा सर्वसाधारण आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक आहे.

आणि किल्ल्यातून निघायला उशीर झालाच, तर पाण्यात न उतरता आतच थांबावे. आत देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, बसायला सावली आहे. किनाऱ्यावर फोन करून कळवावे आणि होडी मिळते का पाहावे. न मिळाल्यास वाट पुन्हा उघडायला साधारण दहा तास लागतात. सकाळी दहाला चुकलेल्या माणसाने रात्री आठची तयारी ठेवावी आणि बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल तेवढा बंद करून ठेवावा.