दौऱ्यावर जाणाऱ्या ब्लूग्रास बँडसाठी वादक कसे निवडावेत

ब्लूग्रास या तंतुवाद्यांवरच्या अमेरिकी लोकसंगीताचा बँड उभारताना डबल बास (उभे धरून वाजवायचे मोठे, खर्जातले तंतुवाद्य) आणि मॅन्डोलिन (छोटे तंतुवाद्य) वाजवणारे आधी निश्चित करावेत, कारण या संगीतात परंपरेने ड्रम नसतात आणि बासच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत मॅन्डोलिनवादक जो तुटक, कोरडा आघात देतो, त्यावरच सगळ्यांची लय तोललेली असते. मग गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि पाच तारांचा बँजो घ्यावा. अमेरिकेत ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या बँडमध्ये १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज आपले तीन बोटांचे बँजोवादन घेऊन आले, तेव्हापासून हाच संच आदर्श मानला जातो. वेगापेक्षा, दुसरा वाजवत असताना संयमाने साथ करणारा वादक माझ्या मते अधिक मोलाचा. तिघांना तरी वेगवेगळ्या स्वरांत मिळून गाता यावे आणि दौऱ्यात एखाद्याचा आवाज बसल्यास त्याची जागा कोण घेईल, हेही आधीच ठरवावे.