‘कुणाला काही कळणार नाही’ हे वाक्य मी आता बोलत नाही

शिशुगृहात, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात नाहीतर बाल संरक्षण कक्षात नुकतेच लागला असाल आणि पहिली सरेंडरची, म्हणजे आईने स्वतःहून बाळ समितीकडे सोपवायची, केस अजून यायची असेल तर हे वाचा. जेजे अ‍ॅक्ट (बाल न्याय कायदा) तुमचा वाचून झालाय, सीडब्ल्यूसीत (बालकल्याण समितीत) एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, सापडलेलं बाळ चोवीस तासांत समितीपुढे न्यायचं, सहा वर्षांखालचं असेल तर दत्तक संस्थेत ठेवायचं, हे सगळं येतं असं धरून चालतेय. परीक्षेत मलाही येत होतं.

नाशकात हे काम करते त्याला सहा वर्षं झाली. आजही वॉर्डातून फोन आला की ‘मॅडम, एक बाई आहे, बाळ नको म्हणतेय’, की पोटात गोळा येतो. तुमच्याही येणार. तो यायचा बंद झाला तर मात्र थोडी सुट्टी घ्या.

तर माझी चूक. नोकरीचा चौथा महिना होता, ऑक्टोबर छाटणी सुरू झालेली, सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरलेल्या. त्यातलीच एक बाई बाळंत झालेली (ओळख पटेल असं सगळं मी बदललंय). नवरा वर्षभराहून जास्त सुरतेला, म्हणजे गणित तुम्हाला कळलं असेल. तिने मला एकच विचारलं, ‘ताई, माझं नाव कुठं येणार नाही ना?’ आणि मी, नवीन, उत्साही, हातात कोरी फाइल, पटकन म्हणाले, अजिबात नाही, कुणाला काही कळणार नाही, नाव-गाव कुणी विचारणारसुद्धा नाही.

हे मी कुठून आणलं? मोबाइलवरून, दुसरं कुठून. अमेरिकेत १९९९ ला टेक्सासने पहिला कायदा केला आणि मग सगळ्याच राज्यांनी केले, की आईने ठरावीक मुदतीत बाळ हॉस्पिटलमध्ये किंवा फायर स्टेशनला धडधाकट आणून दिलं तर फक्त सोडून दिलं म्हणून तिच्यावर खटला नाही, आणि नाव सांगायची सक्ती नाही. जर्मनीत भिंतीत बसवलेली उबदार पेटी असते, बाहेरून झाकण उघडून बाळ ठेवायचं आणि निघून जायचं. जपानमध्ये कुमामोतोच्या एका हॉस्पिटलात २००७ पासून तसंच आहे. हे व्हिडिओ बघून बघून डोक्यात बसलं होतं की सरेंडर म्हणजे हेच.

आपल्याकडचं सरेंडर ते नव्हे. बाल न्याय कायद्याचं कलम ३५ परत वाचा, पण यावेळी त्या बाईच्या जागी बसून वाचा. आई समितीपुढे येते, तिची चौकशी होते, समुपदेशन होतं, मग सरेंडर डीडवर सही होते आणि पुढे दोन महिने फेरविचाराला मिळतात. यात नाव लागतं, पत्ता लागतो. बाई लग्न झालेली असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, एक वारला असेल तर मृत्यूचा दाखला. लग्न झालेलं नसेल तर एकट्या आईची सही चालते. आणि लग्न झालंय पण नवऱ्याचा पत्ताच लागत नाहीये, किंवा बाळ आईने नाही तर आजीने, मावशीने आणून दिलं, तर ते सरेंडर धरतच नाहीत, बाळ ‘परित्यक्त’, म्हणजे टाकून दिलेलं, धरतात. हा फरक मला वाटला कागदावरचा आहे. मुळीच नाही, आणि इथेच मी तोंडावर आपटले.

समितीपुढे तिला पहिला प्रश्न विचारला, आधार कार्ड आहे का. दुसरा, नवरा कुठंय, त्याला बोलवता येईल का. प्रश्न नीटच विचारले होते, कुणी आवाज चढवला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथे लिहून दाखवू शकत नाही. मग ‘जरा तोंड धुऊन येते’ म्हणाली आणि गेली, ती गेलीच. बाळ माझ्या मांडीवर.

आता पुढचं बघा. बाळ परित्यक्त झालं. म्हणजे पोलिसांकडे नोंद, आईबापाचा शोध, आणि पेपरमध्ये बाळाचा फोटो टाकून जाहिरात. सरेंडर केलेल्या बाळाची जाहिरात द्यायचीच नसते, नियमातच तसं आहे, आईची गुप्तता राहावी म्हणून. म्हणजे जी बाई नाव बाहेर पडू नये म्हणून माझ्यावर विसंबली तिच्या बाळाचा फोटो माझ्या बडबडीमुळे छापून आला. खरं सांगायचं तर नवरा सापडलाच नसता तर सगळं नीट करूनही तिथेच आलो असतो. आणि फोटोवरून कुणी ओळखलंही नसतं, चार दिवसांची बाळं सगळी सारखीच दिसतात. पण हे तिला सांगायला ती होती कुठे?

म्हणून दोन शब्द वेगळे ठेवा, निनावी आणि गोपनीय. मी नव्या पोरींना असं सांगते की देवळाच्या दानपेटीत टाकलेली नोट निनावी असते, कुणी टाकली कुणाला माहीत नाही, आणि म्हणूनच परत मागता येत नाही. पतपेढीतली ठेव गोपनीय असते, वहीत नाव असतं, कारकुनाला माहीत असतं, पण त्याने गावभर सांगायचं नाही, आणि वहीत नाव आहे म्हणूनच मुदतीत जाऊन ‘माझं मला द्या’ म्हणता येतं. सरेंडर ही ठेव आहे. ते दोन महिने तिला मिळतात ते तिचं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे म्हणून. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी नाव लपवायचं वचन दिलं नसतं, नाव कशासाठी लागतं ते सांगितलं असतं.

दानपेटीसारखा मार्गही आहे, नाही असं नाही. दत्तक संस्थांच्या दाराशी पाळणा असतो, तामिळनाडूत तर सरकारनेच १९९२ ला पाळणा योजना काढली, मुलींना जन्मताच मारू नये म्हणून. पाळण्यात ठेवणारीला कुणी अडवत नाही. पण ते बाळ परित्यक्त, म्हणजे जाहिरात आली, आणि नंतर ‘मीच आई’ म्हणून आलीच तर ते सिद्ध करत बसायचं. आणि पाळणा वेगळा, उकिरडा वेगळा. कुठेही उघड्यावर टाकलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुसरीकडे जेजे अ‍ॅक्टचं कलम ३८ म्हणतं की सोडलेल्या किंवा सरेंडर केलेल्या बाळाच्या चौकशीत जन्मदात्या आईबापावर एफआयआर नोंदवायचा नाही. या ओळीची झेरॉक्स पर्समध्ये ठेवा. मी ठेवते, तीनदा कामाला आलीये.

आई अठराच्या आतली असेल तर मात्र गुप्ततेचं कुठलंच वचन तोंडातून काढू नका. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, आहे, पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर तुम्हीच अडकता. हे तिला आधी सांगायचं, हात धरून सांगायचं, पण सांगायचं.

शॉर्टकटबद्दल. तुम्हाला कुणीतरी नक्की म्हणणार की अमुक जोडपं आहे, दहा वर्षं मूल नाही, चांगल्या घरचे आहेत, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देऊन टाकू, कशाला समिती आणि कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्रीय संस्था). म्हणणारा माणूस वाईट नसतो, हीच पंचाईत. माझ्याही एका सिनियरने सुचवलं होतं, वर ‘पुण्य लागेल’ म्हणून. नियम डावलून मूल दत्तक दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ८०, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पैशाचा व्यवहार निघाला तर ८१, त्यात हॉस्पिटलचा माणूस असेल तर तीन ते सात वर्षं. पुण्य राहू द्या.

सिनियर लोकांविषयी माझं मत चांगलं नाही, आधीच सांगून टाकते. अनुभव म्हणजे दरवेळी शहाणपण नसतं, कधी कधी तीच चूक वीस वर्षं केलेली असते. मी शिकले ती रात्रपाळीच्या एका मावशीकडून. ती बाईजवळ जाऊन बसायची, बाळाबद्दल चकार शब्द नाही, जेवलीस का, चहा घेतेस का, एवढंच. अर्ध्या तासाने बाई स्वतःच बोलायची.

आणि आपण काही फार नवीन करतोय असंही नाही. १८६३ ला जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, बाळ न्यावं की ठेवावं तिच्या खुशीवर. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला, यशवंत, तो पुढे डॉक्टर झाला. टेक्सासच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधीची गोष्ट की ही. मला हे माहीत होतं, शाळेत धडा होता, तरी मी रील्समधून शिकले.

आता मी काय बोलते ते सांगते, पाठ करू नका, तुमच्या भाषेत बोला. मी म्हणते, ‘ताई, तुझं नाव समितीला कळेल, संस्थेला कळेल, मला कळेल. सासरी, गावात, पेपरात आम्ही कुणी सांगणार नाही. नवऱ्याबद्दल विचारतील. सही केल्यावर दोन महिने तुझे आहेत. बाळ मोठं झाल्यावर त्याला आपलं मूळ शोधायचा हक्क आहे, पण तुझी गुप्तता मोडून नाही.’ हे ऐकून काही जणी उठून जातात, बाळ घेऊन. काही थांबतात. दोन्ही चालतं, खरंच चालतं, तुम्ही फेल झाला नाहीत.

एक राहिलं, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. सही करून झाल्यावरही तिला दूध येत राहतं. छाती दगडासारखी होते, ब्लाउज भिजतो, ताप भरतो, आणि घरी कुणाला सांगायची सोय नसते. डिस्चार्जच्या आधीच सिस्टरना बोलावून काय करायचं ते तिला समजावून द्यायला लावा. जाताना सोबत कुणी नसेल तर स्टँडवर तिची गाडी लागेपर्यंत थांबा. रिक्षाचे पैसे ऑफिसमधून मिळत नाहीत, ते आपले आपण धरायचे.