उभ्या गाडीची बॅटरी आणि रात्रीचं अपडेट: इलेक्ट्रिक गाडी कशी सांभाळावी

रात्री ७२ टक्क्यांवर लावलेली गाडी सकाळी ७१ दाखवते आणि नव्या मालकाच्या पोटात गोळा येतो. घोडबंदर रोडच्या टॉवरपासून खारघर-उलव्यापर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हा प्रश्न हल्ली सारखा येतो आणि उत्तरादाखल भलतेसलते सल्ले फिरतात. माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या बॅटरीतला तो एक टक्का फारसा मनावर घेऊ नका. माणसाला खरं अडकवते ती छोटी, १२ व्होल्टची बॅटरी. तिची काळजी घेणं आणि गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट नीट वेळ काढून करणं, ही दोन कामं जमली की उभ्या गाडीची चिंता उरत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. खालची मोठी बॅटरी चाकं फिरवते. दुसरी पेट्रोल गाडीत असते तशीच छोटी, बहुधा लेड-अ‍ॅसिडची. दरवाजाची कुलुपं, अलार्म, स्क्रीन, मोबाईल अ‍ॅपशी बोलणारं सिमकार्डाचं यंत्र हे सगळं छोटीवर चालतं. गाडी बंद करून लॉक केली की मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, उघडतात आणि ती बाकी गाडीपासून तुटते. लॉक केल्यावर दोन-तीन मिनिटं बॉनेटपाशी उभे राहून ऐका. पंप किंवा पंख्याची घरघर थांबते, मग ‘टक्’ असा आवाज येतो. बहुतेक वेळा तो या रिलेचाच असतो. त्यानंतर जे काही जागं राहतं ते छोट्या बॅटरीच्या जिवावर. ती उतरायला लागली की बऱ्याच गाड्या मधूनच जाग्या होऊन मोठीतून छोटीला चार्ज करतात, पण सगळ्या करत नाहीत. तुमची करते का, हे मॅन्युअलमध्ये शोधा. ह्युंदाईच्या गाड्यांत ही सोय ‘ऑक्झिलरी बॅटरी सेव्हर’ अशा नावाने असते.

आधी मोजा, मग काळजी करा

किती किलोमीटर जाईल हा आकडा मोजमापासाठी वापरू नका. तो तुमच्या मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. माजिवड्याच्या कोंडीत एसी लावून तासभर उभे राहिलात तर तो खाली येतो, एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याहून खाली उतरलात तर वर जातो. फक्त टक्के बघा.

एका रात्रीत काही कळत नाही, कारण स्क्रीन पूर्णांकच दाखवते. ७१.६ चे ७१.४ झाले तरी ७२ चे ७१ दिसू शकतात. म्हणून गाडी चालवायची नाही असे तीन-चार दिवस निवडा. लावताना टक्के आणि वेळ लिहून ठेवा आणि मधल्या काळात अ‍ॅप अजिबात उघडू नका. हे पाळणं सगळ्यात अवघड जातं. अ‍ॅपमध्ये ताजी माहिती मागितली की झोपलेली गाडी उठते, संगणक चालू होतात, पुन्हा झोपायला वेळ घेते. दिवसातून दहा वेळा ‘बघू तरी किती उतरली’ म्हणणारा माणूस स्वतःच ती उतरवत असतो.

चार दिवसांनी एक-दोन टक्के गेले असतील तर निश्चिंत राहा. टेस्ला आपल्या मॅन्युअलमध्ये उभ्या गाडीसाठी दिवसाला सुमारे एक टक्का घट गृहीत धरा असं सांगते. ४५ युनिटच्या (किलोवॉट-अवरच्या) बॅटरीचा एक टक्का म्हणजे ०.४५ युनिट. महावितरणच्या बिलात तो शोधूनही सापडणार नाही. रोज दोन-तीन टक्के जात असतील तर मात्र पुढे वाचा.

आणखी एक गोष्ट. टाटाच्या नेक्सॉनसह आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) रसायनाच्या बॅटऱ्या आहेत. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नेमके किती टक्के उरलेत हे गाडीलाच नीट कळत नाही. बरेच दिवस ५०-७० मध्येच खेळवलेली गाडी एखाद्या सकाळी एकदम तीन-चार टक्के कमी दाखवते. तिथे वीज गेलेली नसते, हिशेब दुरुस्त झालेला असतो. कंपनीने सांगितलं असेल त्याप्रमाणे ठरावीक काळाने घरच्या स्लो चार्जरवर १०० टक्के चार्ज करा, आकडा जागेवर येतो.

कोण जागं राहतंय ते शोधा

बाहेरचे कॅमेरे चालू ठेवून मोबाईलवर दाखवणारी पहाऱ्याची सोय सगळ्यात जास्त खाते. ती समजा २०० वॉट घेत असेल तर २४ तासांत ४.८ युनिट होतात, म्हणजे ४५ युनिटच्या बॅटरीचे दहा टक्क्यांहून जास्त. स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये ती लावा. गेटवर वॉचमन आणि सीसीटीव्ही असलेल्या आपल्याच सोसायटीत तिची गरज काय? उन्हात केबिन थंड ठेवणारी सोय आणि सकाळी ठरल्या वेळी एसी लावणारं वेळापत्रकही तपासा. सुट्टीवर असताना रिकाम्या गाडीत सकाळी साडेआठला एसी लागतो तो याच वेळापत्रकामुळे.

किल्ली कुठे ठेवता तेही बघा. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा प्रश्न नाही. पण वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या सिडको रो-हाऊसमध्ये गाडी दारात आणि किल्ली दारामागच्या खिळ्याला, मधे अंतर जेमतेम दोन-तीन हात. बिनचावीने उघडणारी गाडी त्या किल्लीला ओळखत राहते आणि झोपत नाही. किल्ली आतल्या खोलीत न्या.

बेसमेंट पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं. गाडीतलं सिमकार्ड तिथे मोबाईलसारखंच नेटवर्क शोधत राहतं आणि जास्त वीज खातं. रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडत नाही, आठवडाभर ठेवायची असेल तर वरच्या मजल्यावरची जागा मागून बघा.

आणि डॅशकॅम, म्हणजे काचेवर लावलेला रस्ता टिपणारा कॅमेरा. हा बाहेरून बसवलेला असतो, म्हणून गाडीच्या कुठल्याच मेनूत दिसत नाही आणि बॅटरी उतरली की दोष कंपनीला जातो. हिशेब करून बघू. छोटी बॅटरी समजा ४० अँपिअर-अवरची आहे. नीट झोपलेली गाडी ५० मिलिअँपिअर घेते असं धरलं तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. दहा दिवसांनीही बॅटरीत दोन तृतीयांशाहून जास्त शिल्लक. आता थेट फ्यूज बॉक्समधून जोडलेला, पार्किंग मोडवर, म्हणजे उभ्या गाडीतही चालू राहून, पाव अँपिअर घेणारा डॅशकॅम लावा. दिवसाला आणखी सहा अँपिअर-अवर. गाडी मधे छोटीला चार्ज करत नसेल तर सहाव्या दिवशी बॅटरी सपाट. म्हणून डॅशकॅमचं कनेक्शन गाडी बंद झाल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवरच घ्यायला सांगा, किंवा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यावर स्वतःच बंद होणारं किट लावून घ्या. वॉरंटीवर काय परिणाम होतो हेही आधी विचारा.

छोट्या बॅटरीची तब्येत

साधा मल्टिमीटर घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. लाल टोक पॉझिटिव्हवर, काळं निगेटिव्हवर. १३.५ ते १४.५ च्या आसपास आकडा आला तर गाडी जागी आहे आणि मोठी बॅटरी छोटीला चार्ज करते आहे. तो बॅटरीचा स्वतःचा आकडा नव्हे. बॉनेट उघडल्याने गाडी जागी होते, हे लक्षात ठेवा. गाडी शांत झाल्यावर १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर अर्धी, १२ च्या खाली असेल तर लवकर सर्व्हिस सेंटरला दाखवा. बॉनेटखालच्या नारिंगी केबलना हात लावू नका, त्या मोठ्या बॅटरीच्या आहेत.

ही बॅटरी उतरली तर काय होतं हे आधीच माहीत असलेलं बरं. किल्लीचं बटण चालत नाही. किल्लीच्या पोटात धातूची छोटी चावी असते, तिने दरवाजा उघडावा लागतो. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी गाडी हलत नाही, कारण तिचे रिले जोडायलाही १२ व्होल्टच लागतात. चार्जर लावूनही बहुधा काही होत नाही, कारण तेच. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही, म्हणून ढकलता येत नाही. फ्लॅटबेड टो-ट्रक बुटक्या बेसमेंटमध्ये शिरत नाही. ठाण्यातल्या जुन्या-नव्या कितीतरी इमारतींत स्टॅक पार्किंग आहे. तिथे तुमची बंद गाडी खालच्या पाटावर अडकली तर वरच्या शेजाऱ्यांची गाडीही अडकते, आणि सकाळी सातला त्यांना एअरपोर्ट गाठायचं असतं. म्हणून धातूच्या चावीने दरवाजा एकदा घरच्यांसमोर उघडून बघा आणि १२ व्होल्टचा छोटा जंपस्टार्टर घरात ठेवा, गाडीच्या डिकीत नको. डिकी उघडायलाही वीज लागते. इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी स्टार्ट करून देऊ नका असं बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये बजावलेलं असतं. शेजारधर्मापोटी कोणी विचारलं तर जंपस्टार्टर द्या.

गणपतीला गावी जाताना

कोकणकन्या पकडून आठ-दहा दिवस जायचं असेल तर गाडी ५० ते ७० टक्क्यांवर ठेवा, आकड्याचा कंपनीने दिलेला सल्ला असेल तर तो पाळा. वेळापत्रकं, पहारा, डॅशकॅम बंद करा. आधी अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणा म्हणजे छोटी बॅटरी भरते. रोज अ‍ॅप उघडू नका. महिनाभर किंवा जास्त जाणार असाल तर दर आठ-दहा दिवसांनी कोणीतरी गाडी ‘रेडी’ (चालवायला तयार) करून अर्धा तास ठेवेल किंवा एक फेरी मारेल अशी सोय करा. बिनकामाची वाटते, पण छोटी बॅटरी जगवायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

अपडेटची रात्र

अपडेटची सूचना स्क्रीनवर आली की लगेच ‘इन्स्टॉल’ दाबायची घाई नको. आधी काय बदलणार ते वाचा. नकाशे आणि गाण्याच्या अ‍ॅपपुरतं असेल तर कधीही करा. बॅटरी व्यवस्थापन, चार्जिंग किंवा ब्रेकशी संबंधित असेल तर फार लांबवू नका. चार्जिंगमधला दोष छोट्या बॅटरीपर्यंत कसा पोचतो याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या चार्जिंग कंट्रोल युनिटमधल्या दोषामुळे १२ व्होल्टची बॅटरीच उतरण्याचा धोका होता.

वेळ निवडताना दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागणार नाही अशी रात्र घ्या. शनिवारची रात्र उत्तम, रविवारची नको. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. मोठी बॅटरी निदान ५० टक्के असू द्या आणि गाडी नुकतीच चालवून आणलेली असू द्या. चार्जिंग चालू असताना काही गाड्या अपडेट घेतात, काही नाकारतात. स्क्रीनवरची सूचना पाळा.

बेसमेंटमध्ये डाउनलोड अर्धवट अडकतं. गाडी वर, व्हिजिटर पार्किंगमध्ये आणा आणि वॉचमनला सांगून ठेवा की पुढचे दोन तास ही हलणार नाही. स्क्रीन ४० मिनिटं म्हणाली तर दुप्पट धरा. सुरू करण्यापूर्वी सेटिंगच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा: चार्जिंगची मर्यादा, वेळापत्रक, ब्रेकने वीज परत मिळवण्याची पातळी, कॅमेऱ्याची सोय. मग सगळे बाहेर पडा. मुलांना आत बसवून अपडेट लावू नका, कारण काच, एसी आणि लॉक त्या वेळात दाद देतीलच असं नाही. दरवाजे लावा, किल्ली घरी न्या आणि मधे उघडून बघू नका.

अर्धवट राहिलं तर घाबरू नका. गाड्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी संयुक्त राष्ट्रांचा आर १५६ हा नियम २०२० मध्ये मंजूर झाला, आणि भारताचं एआयएस १९० हे मानक त्याच धर्तीवर आहे. अपडेट पूर्ण होण्याइतकी वीज गाडीत असल्याशिवाय ते सुरू होऊ नये, आणि फसलं तर गाडीने जुन्या आवृत्तीवर परतावं किंवा सुरक्षित स्थितीत राहावं, अशी त्यात अट आहे. तेव्हा लगोलग पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. गाडी लॉक करून तासभर सोडा, मग बघा. तरीही डॅशबोर्डवर इशारा दिसत असेल तर फोटो काढून सर्व्हिस सेंटरला फोन करा.

अपडेट झाल्यावर फोटोंशी सेटिंग ताडून बघा. पहाऱ्यासारखी सोय नव्याने चालू झालेली असू शकते, चार्जिंगची ८० टक्क्यांची मर्यादा पुन्हा १०० झालेली असू शकते. पहिल्या एक-दोन रात्री गाडी जास्त वेळ जागी राहिली तर लगेच निष्कर्ष काढू नका. आठवड्याने पुन्हा चार दिवसांचं मोजमाप करा आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहा. घट दुप्पट झालेली दिसली तर ती वही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. ‘बॅटरी लवकर उतरते’ असं तोंडी सांगितलं की तिथे ‘नॉर्मल आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. तारखा, वेळा आणि टक्क्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की तपासणी होते. गाडी परत घेताना जॉब कार्डवर सॉफ्टवेअरची आधीची आणि नंतरची आवृत्ती लिहून घ्या, सहीसकट.