घरचा अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा लावताना: तयारीची यादी, बुशसकट

बोर्ड सोल्डर करून झाले, ट्रान्सफॉर्मर आला, कॅबिनेटला भोकं पाडली, आणि आता "फक्त जोडायचंच बाकी आहे" असं जो म्हणतोय त्याच्यासाठी हे लिहितोय. जोडायचं बाकी म्हणजे अर्धं काम बाकी. माझा मागचा अ‍ॅम्प्लिफायर सोल्डरिंगमध्ये टिकला आणि जोडणीत गेला, जाताना एक वूफरही घेऊन गेला. कारण काय, तर प्लॅस्टिकचा एक बुश, चिपच्या स्क्रूभोवती बसणारी छोटी कॉलर. त्यामुळे या यादीत बुश पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

टीडीए ७२९४ या आवाज वाढवणाऱ्या चिपचे दोन बोर्ड, २४-०-२४ व्होल्टचा ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा एक ब्रिज, १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि पत्र्याचं कॅबिनेट, असा साधा स्टिरिओ धरून चाललोय. एलएम ३८८६ असेल तरी क्रम हाच. स्पीकर ८ ओहमचे धरलेत. ४ ओहमचे असतील तर ७२९४ ला २४-०-२४ देऊ नका, १८-०-१८ किंवा २०-०-२० आणा. ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी हे वाचत असाल तर नशीब तुमचं. तयार क्लास-डी बोर्डाला लॅपटॉपचा अडॅप्टर जोडणाऱ्यांनी यातलं बरंचसं सोडून द्यावं, त्यांना एवढी कटकट नाही.

खरेदी. मल्टीमीटर, कटर, सोल्डर हे सांगत बसत नाही. मल्टीमीटरची बॅटरी मात्र नवी घाला. बॅटरी उतरली की स्वस्तातले मीटर व्होल्टेज फुगवून दाखवतात आणि आपण उगाच ट्रान्सफॉर्मरवाल्याशी भांडायला जातो. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत, बाकी सगळं मिळतं. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा तुकडा, नवा घ्यायचा नसेल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी-रविवारी पालथा घाला. जाडजूड तुकडे सापडतात, फक्त त्यांना आधीची भोकं असतात आणि ती कधीच आपल्याला हवी तिथे नसतात. २ अँपिअरचे स्लो-ब्लो फ्यूज पाच-सहा घ्या. सिरीज बल्बसाठी, म्हणजे चाचणीत मेनच्या वाटेत मधे लावायला, फिलामेंटचा १०० वॉटचा बल्ब घ्या. एलईडी चालणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. आणि बुश. अभ्रकाच्या चकत्या मागितल्या की चकत्याच मिळतात, बुश वेगळा मागावा लागतो. "अभ्रक आणि बुश" असं एका दमात म्हणायची सवय लावा. डझनभर घ्या, कारण ते तुरीच्या डाळीएवढे असतात आणि हातातून सुटले की थेट सोफ्याखाली.

आता हा बुश म्हणजे काय ते. चिपच्या पाठीला जो धातूचा पत्रा असतो, त्याच्या भोकातून स्क्रू जातो. त्या भोकात बसणारी प्लॅस्टिकची कॉलर म्हणजे बुश. ७२९४ मध्ये हा पाठीचा धातू आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो, म्हणजे आपल्या बाबतीत उणे ३५ व्होल्टच्या आसपास. ३८८६ मध्येही तेच, फक्त त्याच्या 'टीएफ' प्रकाराची पाठ प्लॅस्टिकची असते म्हणून तो सुटला. अभ्रक हा धातू हीटसिंकपासून तोडून ठेवतो. पण स्क्रू लोखंडी. त्याचं डोकं चिपच्या धातूवर टेकतं आणि दुसरं टोक हीटसिंकच्या आट्यांत शिरतं. अभ्रक कितीही निगुतीने बसवा, स्क्रूने मागच्या दाराने जोडणी करून ठेवलेली असते. ते दार बुश बंद करतो.

हे लक्षात येत नाही याचं कारण फार लबाड आहे. टेबलावर चाचणी करताना हीटसिंक प्लायवर पडलेला असतो, त्याला कशाचाच स्पर्श नसतो. दोन्ही चिपा एकाच हीटसिंकवर, दोघींची पाठ एकाच निगेटिव्हला, म्हणजे त्यांच्यात भांडण नाही. हीटसिंकवर उणे ३५ व्होल्ट बसलेले असतात आणि गाणं सुरेख वाजत असतं. सिरीज बल्बसुद्धा गप्प राहतो. मग तोच हीटसिंक बोल्टने कॅबिनेटला बसतो, कॅबिनेटला अर्थिंग येतं, अर्थिंगला सप्लायचा मधला ग्राउंड जोडला जातो, आणि "टेबलावर चाललंच होतं की" म्हणत आपण सिरीज बल्ब न लावता प्लग खोचतो. निगेटिव्ह बाजू शॉर्ट, पॉझिटिव्ह जागेवर, आउटपुट एका बाजूला कललं, आणि फ्यूज उडेपर्यंत वूफरची कॉइल जळून वास सुटला. ब्रिजही गेला. ब्रिज मिळतो, पण त्या वूफरची जोडी आता मिळत नाही. असो.

म्हणून तपासणी अशी करा. हीटसिंकचं भोक पाडल्यावर मोठा ड्रिल बिट नुसता हाताने त्यावर फिरवा. कडेला ॲल्युमिनियमची जी धार उरते ती अभ्रक फोडते. अभ्रकाला दोन्ही बाजूंनी पेस्ट लावा, पातळ, आरपार दिसेल इतकी. बुश घाला, स्क्रू आवळा, पण पैलवानी नको, जास्त आवळला की बुश चिरतो आणि चिरलेला बुश म्हणजे नसलेलाच बुश. आता मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप वाजते त्या खुणेवर) ठेवा, एक टोक चिपच्या पाठीच्या धातूला, दुसरं हीटसिंकला. हीटसिंकवर काळा मुलामा असेल तर तिथे खरवडा, नाहीतर मुलामाच मधे येतो आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. बीप वाजता कामा नये. दुसऱ्या चिपलाही तसंच. एकेक चिप स्क्रू आवळल्याबरोबर मोजा, दोन्ही लावून मग नको, कारण तेव्हा कोणाचा बुश फसलाय ते शोधायला दोन्ही सोडवाव्या लागतात.

मेनची बाजू. फ्यूज आणि स्विच फेजवर, न्यूट्रलवर नव्हे. अर्थिंगची वायर कॅबिनेटला स्वतंत्र बोल्टने, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. तो बोल्ट दुसऱ्या कशासाठी वापरू नका. सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच आहे का ते आधी पाहा. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि वरच्या भोकामागे काहीच नसतं. मीटर एसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवून फेज ते अर्थिंग मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल ते अर्थिंग फार तर दोन-चार व्होल्ट. यातलं काही जमत नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. सगळ्या मेनच्या जोडांवर स्लीव्ह. ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल, म्हणजे मधे भोक असलेला गोल, असेल तर त्याच्या मधल्या बोल्टचं वरचं टोक कॅबिनेटच्या झाकणाला लागू देऊ नका. खाली तळ, वर झाकण आणि मधे बोल्ट असा पूर्ण वेढा झाला की तो एका वळशाचा शॉर्ट होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून मरतो.

सिरीज बल्ब म्हणजे होल्डर आणि सॉकेट एका फळीवर, फेज बल्बमधून फिरवून आणलेली. जुने रेडिओ दुरुस्त करणारे याशिवाय काही लावतच नसत. आधी नुसता ट्रान्सफॉर्मर. बल्ब क्षणभर उजळून विझला पाहिजे. मग ब्रिज आणि कपॅसिटर. इथे निगेटिव्ह बाजूच्या कपॅसिटरचा प्लस ग्राउंडला जातो, मायनस नाही. हे वाचून हसू येतं, पण रात्री अकराला उलटं लावलं जातं आणि कपॅसिटर फुटतो तेव्हा हसू येत नाही. कपॅसिटर ५० व्होल्टचे किंवा वरचे हवेत, ३५ चे नकोत. २४ ला १.४१ ने गुणा, ३४ येतात, ब्रिजमधल्या एका डायोडवर एखादा व्होल्ट जातो, पण भार नसताना ट्रान्सफॉर्मर थोडा जास्तच देतो. त्यामुळे प्रत्येक बाजूला ३३ ते ३६ दिसले तर ठीक. दोन्ही बाजूंत फार फरक दिसला तर मधली वायर तपासा.

प्रत्येक कपॅसिटरवर २.२ किलोओहम, २ वॉटचा एक रेझिस्टर कायमचा लावा. बंद केल्यावर दीडेक मिनिटात कपॅसिटर रिकामे होतात. तो नसेल तर १०० ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर पकडीत धरून रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे लोक मला माहीत आहेत, त्यांच्या स्क्रूड्रायव्हरची टोकं बघा. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

आता बोर्ड. स्पीकर लावायचा नाही, इनपुट ग्राउंडला शॉर्ट करायचं, सिरीज बल्ब तसाच. एका वेळी एकच बोर्ड. बल्ब पेटून राहिला तर लगेच बंद. विझला तर आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर गेला तर सोल्डरिंग पुन्हा बघा, आणि व्होल्टमध्ये आला तर त्या बोर्डाला स्पीकरचं तोंडही दाखवू नका. म्यूट आणि स्टँडबायच्या पिना नुसत्या मोकळ्या सोडल्या असतील तर चिप मुकी राहते आणि आपल्याला वाटतं मेली. पहिल्यांदा लावायला गुरुवार निवडू नका. महावितरणचं देखभालीचं काम असतं, ऐन मोजणीत लाइट जाते, आणि आपण कपॅसिटर रिकामे समजून हात घालतो.

मग कॅबिनेट, आणि इथे पुन्हा बुश. टेबलावर मोजला होता, मान्य. बोर्ड उचलून आत बसवताना चिप हलते, अभ्रक सरकतं, स्क्रू वाकडा होतो. हीटसिंक कॅबिनेटला आवळला की पुन्हा चिपच्या पाठीचा धातू ते कॅबिनेट, दोन्ही चिपा. आता ग्राउंड जोडलेला असेल तर मीटर वेगळं बोलेल. क्षणभर बीप वाजून थांबली तर ते कपॅसिटर भरताहेत, घाबरू नका. नंतर दोनेक किलोओहम दिसले तर तो तुम्हीच लावलेला रेझिस्टर आहे. बीप थांबतच नसेल तर बुश गेला. स्क्रू काढा, नवा घाला, पुन्हा मोजा. आणि एवढं झाल्यावरही कॅबिनेटमधली पहिली सुरुवात सिरीज बल्बवरच, स्पीकर न लावता. टेबलावरची चाचणी कॅबिनेटमध्ये धरायची नाही. हे वाक्य मी कॅबिनेटच्या आत मार्करने लिहून ठेवलंय.

गुणगुण. सगळे ग्राउंड दोन कपॅसिटरच्या मधल्या जागी एकत्र आणा: बोर्डांचे, स्पीकरच्या परतीच्या वायरी, इनपुटचा. तिथून एकच वायर कॅबिनेटला. इनपुटचे आरसीए सॉकेट कॅबिनेटला टेकू देऊ नका, त्यांनाही वॉशर लागतात, जवळजवळ बुशच म्हणा. ५० हर्ट्झची जाड गुणगुण येत असेल आणि टीव्हीची किंवा कॉम्प्युटरची वायर काढल्यावर थांबत असेल तर ग्राउंडचा फेरा आहे. काढूनही येत असेल तर इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला लागून गेलीय, लांब न्या. १०० हर्ट्झची करकर आली तर एखादा ग्राउंड ब्रिज आणि कपॅसिटरच्या मधून उचललाय. गाणं न लावता बारीक आवाजात ७९२ किलोहर्ट्झवरचं पुणे आकाशवाणी ऐकू येत असेल तर इनपुटला शील्डेड वायर घाला. व्हॉल्यूमच्या पॉटचं (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरचं) अंग ग्राउंडला.

स्पीकर. आधी एखादा टाकाऊ लावा, चांगला नंतर. दीड व्होल्टच्या सेलने दोन्ही वूफरची दिशा बघा, प्लस प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. दोन्ही एकाच दिशेने. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सुरू करा. सिरीज बल्बवर मोठ्याने वाजवू नका, आवाज फाटतो आणि बोर्डाला दोष मिळतो. बल्ब काढल्यावर अर्धा तास हळू, मग मोठ्याने. हीटसिंकला हात ठेवून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर लहान पडतोय.

झाकण लावा. टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका. ट्रान्सफॉर्मरच्या वायरींचे रंग आणि फ्यूजचं माप कागदावर लिहून झाकणाला आतून चिकटवा. उरलेले फ्यूज आणि बुश एका पुडीत घालून तळाला बाहेरून टेपने लावा, आत नको.