आधी उंट बघा, मग भाव करा: जैसलमेरच्या वाळूतली एक संध्याकाळ

जैसलमेरच्या वाळवंटातली संध्याकाळ बिघडते ती बहुतेक वेळा घाईनं. शहरातून निघायलाच साडेचार वाजतात, वाळूपर्यंत पोचेस्तोवर सूर्य टेकायला आलेला असतो, मग समोर येईल त्या उंटावर लेकरांना बसवायचं, चार फोटो काढायचे आणि जेवणाच्या रांगेला लागायचं. एवढ्या लांब जाऊन हाती एवढंच लागू नये, म्हणून हे लिहितोय. मी परभणी जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली. सोयऱ्याधायऱ्यांना घेऊन राजस्थानात जाणं होतं, आणि दरवेळी उंट निवडायचं काम माझ्याकडंच येतं.

जायचं कधी, तर रब्बीची पेरणी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी. किंवा मग संक्रांत झाल्यावर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवं वर्ष हे दिवस टाळाच. तेव्हा सम या जैसलमेरजवळच्या गावच्या टेकड्यांवर वाळूपेक्षा माणसंच जास्त दिसतात. माघी पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरचा मरु महोत्सव असतो, तो बघायचा असेल तर मुक्कामाची सोय बरीच आधी करून ठेवा. आपल्याकडून जोधपूर गाठायचं आणि तिथून रेल्वेनं किंवा गाडीनं साधारण पाच-सहा तासांत जैसलमेर. रेल्वेसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, दोन दिवस आरामात टिकतात.

आता जागा. सगळे टॅक्सीवाले 'सम' म्हणतात. ते शहराच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. दुसरी जागा खुरी, नैऋत्येला, ५० किलोमीटरच्या आसपास. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. नजर जाईल तिथवर वाळूच वाळू, हे चित्र डोक्यातून काढून टाका. थरचं वाळवंट बरंचसं खडकाळ, झुडपांचं माळरान आहे, आणि टेकड्यांचे पट्टे अधूनमधून लागतात. समचा पट्टा मोठा आणि उंच, पण तिथं तंबूंच्या रांगा, जीप आणि स्पीकर. खुरीच्या टेकड्या लहान आहेत, गर्दी कमी, आणि गावातली माणसं स्वतःचे उंट घेऊन येतात. नाचगाणं, थाटमाट हवा असेल तर सम. म्हातारी माणसं आणि लेकरं बरोबर असतील, निवांत बसायचं असेल, तर मी खुरीच सांगेन. हा सगळा भाग १९८० साली झालेल्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. आपल्या सोलापूरकडच्या नान्नजच्या माळावरून जवळजवळ दिसेनासा झालेला माळढोक पक्षी आता जो काही उरला आहे, तो मुख्यतः याच जैसलमेर जिल्ह्यात. म्हणून टेकड्यांवर जीप उडवायचा खेळ घेऊ नका. लेकरांनी हट्ट केला तरी त्यांना हे कारण सांगा. त्यांना कळतं.

वेळेचं गणित सूर्यास्तापासून उलटं मांडायचं. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथं सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो, संक्रांतीला सव्वासहाच्या आत-बाहेर, महाशिवरात्रीच्या दिवसांत साडेसहाच्या पुढं. सूर्य बुडायच्या तास-सव्वा तास आधी उंटावर बसलेलं असावं. म्हणजे नोव्हेंबरात जैसलमेरहून अडीचच्या पुढं थांबायचं नाही. सम रस्त्यावरून आत वळलं की कुलधरा लागतं, पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं ओसाड गाव. ते बघायचं असेल तर आणखी तासभर आधी निघा.

तिथीही बघून ठेवा. पौर्णिमेला इकडं सूर्य बुडतो आणि तिकडं पाठीमागून चंद्र वर येतो, सगळे पश्चिमेकडं तोंड करून बसलेले असतात आणि हे कुणाच्या ध्यानात येत नाही. चांदण्या बघायच्या असतील तर अमावास्येच्या जवळचे दिवस. मला स्वतःला संकष्टीचा दिवस आवडतो: जेवण होईपर्यंत गच्च अंधार, आणि नऊच्या आसपास चंद्रोदय. उपवास सोडणाऱ्यांनी चंद्रोदयाची वेळ मात्र जैसलमेरची बघावी, आपल्या गावची नाही.

तंबूवाले 'उंटाची सफारी, नाच, जेवण, सगळं आत' असं सांगतात. त्यातली उंटाची फेरी बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांची असते: रस्त्यापासून पहिल्या टेकडीपर्यंत आणि परत. म्हणून पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी विचारा. उंटावर किती वेळ? सूर्यास्त टेकडीवर बघायचा की तंबूजवळून? एका उंटावर किती जण? आणि परत उंटावरूनच यायचं की जीपमधून? तासाभराची फेरी पाहिजे असेल तर उंटवाल्याशी वेगळं ठरवा आणि पैसे त्याच्याच हातात द्या. मधल्या माणसाकडं दिले की उंट ज्याचा त्याला फार थोडे पोचतात. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. राजस्थाननं २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं, तरी पाळणाऱ्याला परवडेना म्हणून कळप विकले जातातच. शेतातला नांगर ट्रॅक्टरनं आणि ओझी टेम्पोनं घेतल्यावर तिथल्या माणसाला उंट पोसायला पर्यटक हाच एक मोठा आधार उरलाय. त्यामुळं दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका.

आता उंट कसा बघायचा. माळेगावच्या यात्रेत ज्यांनी उंट पाहिलेत त्यांना अंदाज असेल, पण तिथं आपण लांबून बघतो. इथं जवळ जा, उंट बसलेला असताना. बैल विकत घेताना आपण खांदा आलाय का, म्हणजे जुवानं सुजलाय का, ते बघतो, तसं इथं पलाणाच्या, म्हणजे उंटावरच्या खोगिराच्या, कडा बघायच्या. पाठीवरच्या मदारीच्या दोन्ही बाजूंना आणि पोटाखाली जिथं तंग आवळतात तिथं केस गेलेत का, ओली जखम आहे का, माशा बसतात का? असल्या उंटावर बसू नका आणि का बसत नाही ते मालकाला शांतपणे सांगा. गिऱ्हाईक याच कारणानं जातंय हे कळलं की तो औषधपाणी करतो. गुडघ्यांवर आणि छातीखाली जाड, काळे, भेगाळलेले घट्टे दिसतील, त्यांना घाबरू नका. ते सगळ्याच उंटांना असतात, उंट त्याच गादीवर भार देऊन बसतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेत केस झडून कातडी जाड, खरबरीत झालेली असेल तर ती खरूज. ती माणसालाही लागते. लेकरांना तिथं हात लावू देऊ नका. मग नाक बघा. नाकपुडीत खुंटी असते आणि तिला दोरी. खुंटीभोवती रक्त किंवा पू नको, आणि दोरी ढिली पाहिजे. कायम ताणून धरणारा उंटवाला मला चालत नाही.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची, आणि ती कुठलाच तंबूवाला सांगत नाही. नर उंटाचा माजाचा हंगाम थंडीतच असतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा तो तोंडाला फेस आणतो, दात खातो, घशातून पाण्यात बुडबुडे सुटल्यासारखा आवाज काढतो, आणि तोंडाच्या एका कडेनं गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर लोंबतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं जीभ बाहेर पडली. तो त्याच्या टाळूचा मऊ भाग असतो, मादीला आणि दुसऱ्या नरांना दाखवायला तो फुगवून बाहेर काढतो. कानांच्या मागं, मानेच्या वरच्या अंगाला डांबरासारखा काळा, उग्र वासाचा स्राव पाझरताना दिसेल. एवढ्या खुणा असलेला उंट आजारी नसतो, पण भरवशाचाही नसतो. त्याच्यावर लेकरू बसवायचं नाही आणि त्याच्या तोंडाजवळ सेल्फी तर अजिबात काढायचा नाही. चावा घेतला तर हाड मोडतं. सांडणी, म्हणजे मादी, किंवा शांत उभा असलेला नर मागून घ्या.

कपडे साधे आणि पायभर. पलाणावर मांडी घासते, म्हणून हाफ पँट नको. बायकांनी सलवार किंवा पँट घालावी. पाचवारी साडीत दोन्हीकडं पाय टाकून बसता येत नाही, आणि एका बाजूला पाय सोडून बसणं धोक्याचं. नऊवारी मात्र उत्तम. माझ्या मावशीनं नऊवारीतच फेरी केली आणि सगळ्यांत ताठ तीच बसली होती. उपरणं किंवा स्टोल जवळ ठेवा, वारा सुटला की वाळू डोळ्यांत जाते. स्वेटर लागतोच. दुपारी अंगात शर्ट नकोसा होतो आणि रात्री पारा आठ-दहा अंशांवर येतो. हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळं वाळू तापते तितक्याच लवकर निवते. खुरीकडं गवताची काटेरी कुसळं मोज्यात घुसतात, तिथं मोजे काढून चपला घातलेल्या बऱ्या.

बसताना उंट पूर्ण बसलेला पाहिजे आणि उंटवाल्याचा पाय त्याच्या दुमडलेल्या पुढच्या पायावर. डाव्या बाजूनं चढा, पाय पलीकडं टाका, पलाणाच्या पुढची मूठ दोन्ही हातांनी धरा. आता खरी गोष्ट उठण्याची. गाय उठते तसा उंट मागचे पाय आधी ताठ करतो, त्यामुळं तुम्ही एकदम पुढं फेकले जाता. म्हणून तो हलायला लागला की लगेच मागं रेला, हात ताठ. पुढच्या क्षणी पुढचे पाय उठतात आणि तोल मागं जातो, तेव्हा सरळ व्हा. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे पुन्हा झटका पुढंच. तेव्हाही मागंच रेलायचं. लोक पडतात ते चालताना नाही, या दोन वेळांना पडतात. फोन त्या वेळी खिशात, आणि खिशाला चेन असलेली बरी.

चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून डावी-उजवी असा झोल येतो. कंबर ताठ धरली की दहा मिनिटांत पाठ भरते. कंबर सैल सोडा, त्याच्या चालीबरोबर हलू द्या. मणक्याचा त्रास, गुडघ्याचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर उंटावर बसूच नका. त्यांच्यासाठी उंटगाडी मिळते. रबरी टायरची, वर गादी टाकलेली, त्याच टेकडीपर्यंत जाते. एका उंटावर एक मोठं माणूस, फार तर त्याच्या पुढं एक लेकरू, एवढंच.

उंटवाल्याला सांगा, जिथं जीपच्या चाकोऱ्या नाहीत अशा टेकडीवर ने. पहिल्या टेकडीच्या मागं दोन उंचवटे ओलांडले की गर्दी संपते. वाटेत रुईची झुडपं लागतील, मारुतीला वाहतो तीच. वाळूवर शिवणीच्या टाक्यांसारख्या बारीक रेघा दिसल्या तर वाकून बघा, त्या किड्यांच्या पायांच्या असतात. सूर्य टेकला की सगळे उठतात आणि जेवणाकडं धावतात. तुम्ही उठू नका. आणखी वीस-पंचवीस मिनिटं चांगला उजेड असतो, आणि आभाळाचा खरा रंग त्या वेळातच येतो. उंटवाल्याशी हे आधीच बोलून ठेवा, म्हणजे तो घाई करणार नाही.

जेवण फेरीच्या नंतरच, आधी नाही. जेवणाआधी बहुधा गाणं होतं. लंगा आणि मांगणियार ही पिढीजात गायकांची घराणी. त्यांच्यात कुणाजवळ कमायचा असेल, गोल पोटाचं, गजानं वाजवायचं वाद्य, तर स्पीकर सुरू व्हायच्या आत त्याला एक गाणं फक्त त्यावर वाजवायला सांगा आणि बिदागी हातात द्या. कालबेलिया या गारुडी जमातीचा नाच २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, तो जागा सोडून न उठता बघण्यासारखा आहे.

ताटात दाल-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी आणि ताक. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. आपण तिला नमस्कार करतो, तिथं दुष्काळात तिनं माणसं आणि उंट दोन्ही जगवले. ही भाजी आधी वाढून घ्या, लवकर संपते. बाटी अख्खी चावू नका, हातानं फोडून, डाळ घालून चांगली भिजू द्या. तूप ते सढळ हातानं ओततात. सवय नसेल तर दोन बाट्यांवर थांबा आणि मग बाजरीची भाकरी मागा, बहुतेक ठिकाणी चुलीवरची असते. लसणाच्या लाल चटणीबरोबर ती आपल्या माणसाच्या पोटाला मानवते. लहान लेकरांना ताक-भात किंवा मुगाची खिचडी लागत असेल तर दुपारीच सांगून ठेवा, ऐन वेळी होत नाही.

मुक्काम तंबूत नसेल तर परतीच्या रस्त्याचा विचार करा. रात्री त्या रस्त्यावर गाई आणि मोकळे उंट उभे असतात, आणि उंचीमुळं उंट दिव्यांच्या उजेडात उशिरा दिसतो. ड्रायव्हरला हळू चालवायला सांगा आणि त्याचंही जेवण झालंय का ते निघताना विचारा. जोधपूरची रात्रीची गाडी पकडायची असेल तर तीच संध्याकाळ वाळवंटासाठी ठेवू नका, दुसरा दिवस धरा.